आमच्या थोरल्या गोव्याचे नाव

मागच्या रविवारी सकाळी गावातली चार-पाच मुले घरी आली. सगळी ओळखीची, त्यातला एक तर माझ्या मुलीला गणित शिकवून गेलेला. हातात एक निवेदन होते. मजकूर असा की आमच्या गावाचे ‘गोवा वेल्हा’ हे पोर्तुगिजांच्या जिभेवरचे नाव काढून टाकावे आणि कदंबांच्या राजधानीचे ‘गोपकपट्टण’ हे नाव सरकारदरबारी लावावे. खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या. मी सरकारी कारकून, त्यात बी.ए.ला इतिहास घेतलेला, म्हणून माझी सही अगदी वरती हवी असा त्यांचा आग्रह.

चहा झाला, गप्पा झाल्या, सही मात्र मी केली नाही. सरकारी नोकराने अशा कागदावर सही करावी की करू नये हा प्रश्न वेगळा. त्या नियमाच्या आड लपून सुटता आले असते, पण मला तसे सुटायचे नव्हते. मुले नाराज होऊन गेली. जाताना एकजण म्हणाला, “दादा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” हे वाक्य आठवडाभर डोक्यात आहे. म्हणून वाचकहो, हा लेख. त्यांना नीट सांगता आले नाही ते इथे सांगून पाहतो.

आधी आमच्या गावाविषयी, कारण गोव्यातल्याच कित्येकांचा इथे घोटाळा होतो. ‘गोवा वेल्हा’ आणि ‘वेल्हा गोवा’ ही दोन वेगळी गावे आहेत. दोन्ही तिसवाडीत, दोन्ही पणजीहून साधारण सारख्याच अंतरावर. फरक इतकाच की आमचे गाव मडगावच्या वाटेवर, झुआरीच्या बाजूला, आणि दुसरे फोंड्याच्या वाटेवर, मांडवीच्या काठी. सें कॅथेड्रल, बॉम जेझूस, सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव हे सगळे त्या दुसऱ्या गावात. आमचा पिन ४०३१०८, त्यांचा ४०३४०२. टपाल खात्याने हा आकडा काढला नसता तर आमची निम्मी पत्रे तिकडे गेली असती. अजूनही आठवड्यातून एखादी पर्यटकांची गाडी हमरस्त्यावर माझ्यापाशी थांबते आणि चर्च किधर है म्हणून विचारते. चर्च आमच्याकडेही आहे, सांत आंद्रेचे. त्याच्या नावाने विधानसभेचा मतदारसंघ आहे, आणि लेंतीच्या पाचव्या आयतारानंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पण त्या पाहुण्यांना हवे ते हे नव्हे. हात दाखवून मी त्यांना परत पाठवतो.

तर ही दोन नावे एकमेकांच्या अंगावर पडली कशी?

अकराव्या शतकाच्या मध्यास कदंब राजा पहिला जयकेशी याने आपली राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, झुआरीच्या मुखाजवळच्या या बंदरात आणली. ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून तिचे नाव गोपकपट्टण किंवा गोपकपुरी असे येते. भरभराटीचे बंदर होते. अरब व्यापारी येऊन राहिले होते, जयकेशीच्या कारभारात छडम नावाचा मुसलमान अधिकारी होता. इथून आतल्या बाजूला एळ्याकडे जाणारा दगडी रस्ता होता, त्याला लोक अजून राजबीद म्हणतात. पुढे चौदाव्या शतकात उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या, बंदरात गाळ साचत गेला, आणि व्यापार हळूहळू मांडवीकडे, एळ्याला सरकला. नाव मात्र माणसांबरोबर गेले. तेही गोवेच.

हा प्रकार तेव्हाही नवा नव्हता. अरब प्रवासी या बेटाला ‘संदाबूर’ म्हणत. अभ्यासकांचे म्हणणे असे की हे चंद्रपुराचेच नाव, राजधानीबरोबर इकडे आलेले. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला. तो लिहितो की बेटावर दोन शहरे आहेत, एक हिंदूंचे जुने आणि एक मुसलमानांनी बेट जिंकल्यावर वसवलेले. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच आमच्याकडे ‘जुने’ आणि ‘नवे’ झालेले होते.

१५१० साली आफोंसो द अल्बुकर्कने एळ्याचे शहर आदिलशाहीकडून घेतले. ते झाले ‘गोवा शहर’, आणि आमचे गाव ओघानेच ‘गोवा वेल्हा’, जुने गोवे. पुढे त्या शहराचेही दिवस फिरले. तापाच्या साथी, खराब पाणी, ओस पडलेली घरे. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ रिकामे पडले, कित्येकांचे दगड उचलून नेण्यात आले. सांत आगुस्तीनच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. आणि २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला शहराचा दर्जा मिळाला. नाव ठरले ‘नोव्हा गोवा’. नवे गोवे.

आता नवे गोवे आले म्हटल्यावर एळ्याचे शहर जुने ठरले. पण ‘गोवा वेल्हा’ हे नाव तर आधीच आमच्याकडे होते! मग विशेषण उचलून पुढे ठेवले, ‘वेल्हा गोवा’. पोर्तुगीज भाषेत विशेषण नामाच्या पुढे की मागे यावर थोडा अर्थ बदलतो म्हणतात. वेल्हू आमीगू म्हणजे जुना मित्र, आमीगू वेल्हू म्हणजे म्हातारा मित्र. त्या हिशेबाने ते गोवे जुने आणि आमचे म्हातारे. आम्हाला मान्य आहे.

या नोव्हा गोव्याचे काय झाले ते बघण्यासारखे आहे, कारण माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज पुस्तके उघडली की मुखपृष्ठावर छपाईचे ठिकाण म्हणून ‘नोव्हा गोवा’ दिसते. सरकारी कागदांवर तेच, शाळेच्या दाखल्यांवर तेच. राजाने दिलेले नाव, सरकारी छापखाना, शिक्के, सगळा लवाजमा मागे. आणि इतके असून डिचोलीहून, पेडण्याहून, साष्टीहून राजधानीला निघालेला माणूस म्हणायचा, “पणजे वतां.” पोर्तुगीज बोलणारी मंडळीसुद्धा आपसात पांजीमच म्हणत. १९६१ साली पोर्तुगीज गेले आणि ‘पणजी’ हे नाव सरकारी झाले. ते शोधून काढावे लागले नाही, ते लोकांच्या तोंडात होतेच. नोव्हा गोवा एवढे मोठे नाव, त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही की डोळ्यांत पाणी आणले नाही.

त्याचा त्रास झाला तो कारकुनांना आणि कारकुनांपुढे उभे राहणाऱ्यांना. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या कचेरीत होतो तिचे नाव नको. एक वृद्ध गृहस्थ आले, पांढरा सदरा, काखेत प्लास्टिकची फाईल. जन्म १९३६ चा. जन्मनोंदणीच्या उताऱ्यावर जन्मठिकाण ‘नोव्हा गोवा’, बाकी सगळ्या कागदांवर ‘पणजी’. वरच्या साहेबांनी शेरा मारला होता, जन्मठिकाणात तफावत. तो शेरा त्यांना समजावून सांगायचे काम माझे. दोन्ही ठिकाणे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणा, असे मी सांगितले. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हांव जल्मलों पणजें. तांणी नोव्हा गोवा बरयलें, ताका हांव कितें करूं?”

मी इतिहास शिकलेला माणूस. दोन्ही नावे एकाच शहराची हे त्या इमारतीत माझ्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. तरी मी त्यांना नोटरीकडे पाठवले. फायलीत माझी टिप्पणी जोडून पुढे सरकवता आली असती, ती मी जोडली नाही. शेरा साहेबांचा, मी मध्ये कशाला पडा, असा विचार केला. प्रतिज्ञापत्र घेऊन ते चौथ्या दिवशी परत आले, टॅक्सी करून. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसताना त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली ते मला अजून दिसते.

मुलांनी निवेदन पुढे केले तेव्हा मला आधी हे गृहस्थ आठवले. गावाचे नाव बदलले की जन्मदाखले, एक-चौदाचे उतारे, विक्रीखते, पासपोर्ट, बँकेची खाती, सगळीकडे एक तफावत तयार होते, आणि ती पुढची साठ-सत्तर वर्षे मिटवत बसावी लागते. मिटवायला जातो तो म्हातारा माणूस. निवेदन लिहिणारे तरुण असतात. अर्थात एवढे एकच कारण असते तर मी सही केली असती. कागदांची कटकट पत्करून लोकांनी नावे बदललेली आहेत आणि कधी कधी ते योग्यही असते.

माझे खरे म्हणणे दुसरे आहे. आपल्याकडे नावे एका जागेहून दुसऱ्या जागी गेलेली आहेत, आणि ती टिकली आहेत. सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली तेव्हा लोक रातोरात देव घेऊन नदीपलीकडे गेले. दिवाडीच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर डिचोलीत हिंदळ्याला गेला आणि त्या जागेलाच लोक नार्वे म्हणू लागले. तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतले. वेर्ण्याच्या म्हार्दोळची म्हाळसा प्रियोळला आली आणि तिथे नवे म्हार्दोळ झाले. तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव सत्तरीत गेला, त्या गावाचे नाव ब्रह्माकरमळी. या नावांसाठी कोणी राजाज्ञा काढली नव्हती. ज्यांचे घर गेले त्यांनी नाव पाठीवर घालून नेले. आणि गंमत बघा, मागे राहिलेल्या जागेचे नाव त्यांनी काढून घेतले नाही. दिवाडीला नार्वे आहेच, वेर्ण्याला जुने म्हार्दोळ आहेच.

उलट बाजूचे उदाहरण ग्रीसमध्ये आहे, आणि ते नेमके नोव्हा गोव्याच्या काळातले. १८३४ साली ग्रीसच्या ओथो राजाने प्राचीन स्पार्टाच्या जागेवर नवे स्पार्टा शहर वसवायचा हुकूम काढला. जवळच्या मिस्त्रास गावची वस्ती तिकडे खाली उतरली. आखीव रस्ते, नवा चौक, वर प्राचीन नाव. तिथे देश नुकताच स्वतंत्र झाला होता, वाडवडिलांचे नाव पुन्हा लावावेसे वाटणे मी समजू शकतो. पण खरे स्पार्टा त्या नव्या गावाच्या पोटात आणि कडेला पडून आहे, आणि शतकानुशतके जगलेले मिस्त्रास अवशेष होऊन डोंगरावर उभे आहे. एक अवशेष जिवंत करायला गेले आणि दुसरा तयार केला. कोरिंथला वेगळे झाले. १८५८ च्या भूकंपात जुने गाव पडले, लोकांनी समुद्रकाठी नवे बांधले आणि त्यालाही कोरिंथच म्हटले. जुन्या जागेला आता प्राचीन कोरिंथ म्हणतात. ते मला आपल्या नार्व्यासारखे वाटते.

फार लांब जायला नको. कर्नाटकात २०२१ साली बळ्ळारीतून नवा जिल्हा काढला, त्याला विजयनगर नाव दिले. ठाणे मात्र होसपेटेच राहिले, आणि हंपी हंपीच. साम्राज्याचे नाव मोठ्या मुलखाला मिळाले, चालत्या गावांच्या नावाला कोणी हात लावला नाही. मला हे शहाणपणाचे वाटले.

आता गोपकपट्टण. ती राजधानी काही आमच्या पंचायतीच्या हद्दीएवढी नव्हती. आमचे गाव, पिलार, आगशी, आसपासच्या गावांच्या जमिनी, या सगळ्याखाली ती पसरलेली आहे. ओहोटीला झुआरीच्या काठाने चालत गेलो तर जांभ्या दगडाच्या जुन्या बांधकामाचे अवशेष अजून दिसतात. लहानपणी आम्ही त्यावर बसून खुबे वेचायचो, ते काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. पिलारच्या टेकडीवर पाद्र्यांच्या संग्रहालयात इथे सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, तेवढाच आधार. उद्या पंचायतीच्या फलकावर, बसच्या पाटीवर, रेशनकार्डावर गोपकपट्टण आले, तर कोणी अवशेषांबद्दल विचारले की आम्ही काय सांगणार? ‘गोपकपट्टण? पुढच्या तिठ्यावर, पेट्रोलपंपाच्या बाजूला.’ नाव चालत्या गावाला दिले की पडलेल्या शहराकडे स्वतःचे असे काही उरत नाही. दगड तर आधीच गेलेले आहेत. नाव तेवढे त्याच्या अंगावर राहिले आहे.

मुलांचा एक मुद्दा मात्र मला टोचला, आणि तो खरा आहे. ते म्हणाले, “दादा, पर्यटक म्हणतो ओल्ड गोवा म्हणजे चर्च. म्हणजे गोवा पंधराशे दहापासून सुरू झाला. आम्ही त्याच्या साडेचारशे वर्षे आधीचे, आणि आमच्या गावात त्याची एक पाटी नाही.” १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्चे जागतिक वारसा यादीत गेली, ते योग्यच झाले. पण त्या इमारतींशेजारी, सेंट कायतानच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याच्या दाराची चौकट एकटी उभी आहे, तिच्याकडे पाठ करून लोक फोटो काढतात. ‘जुने’ हा शब्द ज्याच्या वाट्याला गेला तो सुरुवात ठरला आणि त्याच्या आधीचे सगळे निनावी झाले. ही चीड माझीही आहे. मी बी.ए.ला होतो तेव्हा वर्गात ‘गोवा वेल्हाहून येतो’ म्हटल्यावर एकाने विचारले होते, रोज झेवियरचे दर्शन घेतोस का.

पण या चिडीवर ‘गोपकपट्टण’ हा उपाय आहे असे वाटत नाही, कारण आमच्याकडे त्याहून चांगले नाव आधीच आहे. माझी आई सत्तरी ओलांडलेली. ती जन्मात ‘गोवा वेल्हा’ म्हणालेली नाही. ती म्हणते ‘थोरलें गोंय’. आणि चर्चांच्या गावाला म्हणते ‘पोरनें गोंय’. थोरला भाऊ, थोरली जाऊ, तसे थोरले गोवे. म्हणजे ते दुसरे कितीही जुने असो, हे त्याहून थोरले. ताम्रपट न वाचलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बायाबापड्यांनी हा हिशेब बरोबर ठेवला. मधल्या काळात इथे राज्ये बदलली, इथले कित्येकजण ख्रिस्ती झाले, पोर्तुगीज आले आणि गेले, तरी हिंदू-ख्रिस्ती दोघांच्याही तोंडात ते नाव राहिले. गोपकपट्टण हे राजाच्या लेखातले नाव आहे. त्याचा मान आहेच. पण ते आमच्या गल्लीत कोणी शेवटचे कधी उच्चारले असेल?

हे मी मुलांना सांगितले तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. पाचांतल्या तिघांना ‘थोरलें गोंय’ हे नाव माहीतच नव्हते. त्यांच्या घरी ‘गोवा वेल्हा’ म्हणतात, शाळेत तेच, मोबाईलवरच्या नकाशात तेच. त्यांतल्या एकाने आईला विचारले, “खरेंच म्हणटात?” आई हसली, म्हणाली, “तुजो आजो म्हणटालो.”

तेव्हा मला कळले की माझी बाजूही वाटते तितकी भक्कम नाही. लोकांच्या तोंडातले नाव आपोआप टिकते असे मी आतापर्यंत सांगत आलो, पण ते टिकायला तोंडे लागतात. पणजीला रोज हजारो माणसे ‘पणजे’ म्हणत होती म्हणून ती तरली. आमचे ‘थोरले’ आता आईच्या वयाच्या माणसांपुरते उरले आहे. मी स्वतः बसमध्ये तिकीट काढताना काय म्हणतो? ‘गोवा वेल्हा.’ वीस वर्षे तेच म्हणत आलो.

त्यामुळे सही नाकारून मी मोकळा झालो असे नाही. काल रात्री बसून मी दुसरे एक निवेदन लिहिले. त्यात तीन मागण्या घातल्या आहेत. गावाचे सरकारी नाव आहे ते राहू द्यावे, म्हणजे कोणाच्या दाखल्यात तफावत येणार नाही. हमरस्त्यावरच्या फलकावर त्याखाली ‘थोरले गोवे’ असे लिहावे. आणि झुआरीच्या काठी, जिथे ते दगड दिसतात तिथे, एक पाटी लावावी, तीवर ‘गोपकपट्टण’ हे नाव आणि चार ओळींचा इतिहास. पाटी जांभ्या दगडाची असली तर बरे, पत्र्याची गंजते.

ते घेऊन मी मुलांकडे जाणार आहे. या वेळी सह्या मीच मागणार. पहिली आईची घेतली. अंगठा नको म्हणाली, हळूहळू अक्षरे जुळवत नाव लिहिले, आणि खाली गावाचे नाव लिहायची जागा होती तिथे थांबून मला विचारले, “हांगां कितें बरोवं?”